कधीतरी लिहिणारी माणसं

महाजालावर जो रोज लिहितो तो दिसतो. जो दिवसातून चारदा लिहितो तो आणखी दिसतो. वर्षातून दोन-तीनदाच, पण मन लावून लिहिणारा माणूस हळूहळू नजरेआड होतो. माझ्या आवडीची बहुतेक माणसं नेमकी या शेवटच्या प्रकारातली आहेत. त्यांचं लिहिलेलं माझ्यापर्यंत पोहोचावं म्हणून मी जी व्यवस्था लावून ठेवली आहे, तिच्याबद्दल लिहावंसं बरेच दिवस वाटत होतं.

ही माणसं कोण? एक निवृत्त प्राध्यापक सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या गवतांवर लिहितात. फोटो स्वतः काढलेले, नावं गुराख्यांना विचारून घेतलेली, कुठल्या गवताला जनावर तोंड लावत नाही याच्याही नोंदी. टोरांटोत राहणाऱ्या एक बाई आजीच्या तोंडून ऐकलेल्या वऱ्हाडी ओव्या आठवतील तशा उतरवून काढतात. एखादी ओवी पुरती आठवायला वर्ष लागतं, तोवर ब्लॉग गप्प असतो. एक जण घराघरांतले मोडी कागद वाचतात: गहाणखतं, किराणाचे हिशेब, लग्नाच्या याद्या. यांतल्या कुणालाही 'लिखाणात सातत्य ठेवा' असा सल्ला मी कधी देणार नाही. गवत उगवायला पाऊस लागतो आणि मोडी कागद सुटायला वेळ लागतो. त्यांनी घाई केली तर ते जे लिहितात ते लिहून होणारच नाही.

पण मग वाचकाने काय करायचं? आठ महिने रोज त्यांच्या पानावर जाऊन पाहायचं का? तसं कुणी करत नाही. समाजमाध्यमांवर त्यांना 'फॉलो' केलं तरी तिथल्या यादीचा क्रम आपल्या हातात नसतो. नवीन लेखाचा दुवा त्यांनी रात्री साडेदहाला टाकला आणि आपण सकाळी उघडलं, की मधल्या वेळेत शंभर लोकांचे शंभर फोटो वर येऊन बसलेले असतात. म्हणून मी फीड रीडर वापरते. गेली कित्येक वर्षं वापरते आहे आणि दिवसेंदिवस माझी त्यावरची माया वाढतेच आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बहुतेक ब्लॉग आणि बातम्यांची बरीचशी संकेतस्थळं दिसणाऱ्या पानांखेरीज एक साधी फाईल ठेवतात. तिला फीड म्हणतात. नवीन लेख आला की त्या फाईलमध्ये त्याची नोंद वरच्या बाजूला चढते. रीडर म्हणजे ती फाईल वाचणारं ॲप किंवा संकेतस्थळ. ते ठरावीक वेळाने त्या फाईलकडे जातं, नवीन नोंद असली तर घेऊन येतं आणि आपल्या यादीत लावतं. वर्डप्रेसवरच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे '/feed' जोडलं की ही फाईल सापडते. पण बहुतेक वेळा तेवढेही कष्ट नकोत. रीडरमध्ये ब्लॉगचा साधा पत्ता टाकला तरी तो फाईल स्वतः शोधून काढतो.

एकदा ती फाईल नुसतीच ब्राउझरमध्ये उघडून बघा, घाबरण्यासारखं काही नसतं. वर ब्लॉगचं नाव. खाली एकेक नोंद: शीर्षक, दुवा, तारीख, मजकूर आणि त्या नोंदीचा एक कायमचा ओळखक्रमांक. नोंद आधी येऊन गेलेली आहे की नवी, हे रीडर त्या क्रमांकावरून ओळखतो. म्हणूनच एखाद्याने ब्लॉग नव्या जागी हलवला की कधी कधी जुने सगळे लेख अचानक 'न वाचलेले' म्हणून पुन्हा येऊन उभे राहतात. क्रमांक बदललेले असतात, एवढंच. तारखेच्या शेपटीला जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरकही लिहिलेला असतो. भारतातल्या माणसाच्या नोंदीवर अधिक साडेपाच तास असायला हवेत, पण ब्लॉगरवरच्या कित्येक जुन्या मराठी ब्लॉगांवर उणे आठ किंवा उणे सात तास दिसतात. ती कॅलिफोर्नियाची वेळ. ब्लॉग उघडताना जी वेळ आधीपासून भरलेली होती तीच राहून गेली. सांगलीत रात्री जागून लिहिलेल्या लेखावर पॅसिफिक किनाऱ्याची सकाळ छापलेली पाहिली की मला तो लेख आणखी जवळचा वाटतो. लिहिणाऱ्याने सेटिंगकडे पाहिलंच नव्हतं, तो थेट लिहायलाच बसला होता.

आणि ही सगळी देवाणघेवाण किती मोजकी आहे पाहा. नीट लिहिलेला रीडर प्रत्येक खेपेला अख्खी फाईल मागत नाही. तो विचारतो, "मागच्या वेळेनंतर काही बदललं का?" काही बदललेलं नसेल तर समोरून ३०४ हा आकडा येतो, म्हणजे 'बदल नाही', आणि संभाषण तिथेच संपतं. शेजारच्या दारात उभं राहून "काही नवीन?" विचारावं आणि आतून "काही नाही हो" असं उत्तर यावं, तसं. आठ महिने गप्प असलेल्या ब्लॉगच्या दारात माझ्या वतीने कुणीतरी असं रोज जाऊन येतं, न कंटाळता. माणसाला हे जमलं नसतं.

या फाईलचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. मार्च १९९९ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीने आरएसएस या फीडच्या नमुन्याची पहिली आवृत्ती काढली. ती रचणाऱ्या दोघांपैकी रामनाथन गुहा हे मद्रासच्या आयआयटीतून शिकून गेलेले, दुसरे डॅन लिबी. नेटस्केपचा त्यातला रस लवकरच आटला, पण कल्पना बाहेर पडली होती. डिसेंबर २००० मध्ये आरएसएस १.० ही आवृत्ती आली, तिच्या लेखकगटात ॲरन स्वार्ट्झ नावाचा मुलगा होता, तेव्हा अवघा चौदा वर्षांचा. २००२ मध्ये डेव्ह वायनर या प्रोग्रामरने आरएसएस २.० पक्कं केलं. नोंदीला आवाजाची फाईल जोडायची सोय वायनर यांनी त्याआधीच करून ठेवली होती, आणि पॉडकास्ट नावाचं अख्खं विश्व त्या एका जोडणीवर उभं राहिलं. आज जे लोक 'आरएसएस मेलं' म्हणतात ते बहुधा रोज पॉडकास्ट ऐकत असतात. २००५ च्या डिसेंबरात ॲटम हा दुसरा नमुना अधिकृत मानक म्हणून प्रसिद्ध झाला. दोन नमुन्यांच्या पुरस्कर्त्यांत तेव्हा कडाक्याची भांडणं झाली. वाचकाला त्याच्याशी देणंघेणं नाही, रीडर दोन्ही वाचतो.

महत्त्वाची गोष्ट ही, की या नमुन्याचा मालक कुणी नाही. २००५ च्या ऑक्टोबरात गूगल रीडर सुरू झाला आणि काही वर्षांतच फीड वाचायचं म्हणजे गूगल रीडरच, अशी स्थिती झाली. १३ मार्च २०१३ ला गूगलने तो बंद करायचं जाहीर केलं आणि १ जुलैपासून तो गेला. पुष्कळांनी त्या दिवसापासून फीड वाचणंच सोडलं. पण बंद पडली होती फक्त एक खिडकी. फायली आपापल्या जागी होत्या, लिहिणारे लिहीत होते. फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर, द ओल्ड रीडर अशा दुसऱ्या खिडक्या होत्या आणि आजही आहेत. ॲपलची उपकरणं वापरणाऱ्यांसाठी नेटन्यूजवायर आहे, तो मोफत आणि मुक्तस्रोत आहे. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा असेल तर फ्रेशआरएसएस आणि मिनीफ्लक्स आहेत.

मराठीत मात्र ही खिडकी मिटली आणि त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. युनिकोड, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायची सर्वत्र एकच असलेली पद्धत, रुळल्यावर मराठी ब्लॉगांना बहर आला होता. त्याआधीच्या खास फॉन्टांतला मजकूर फीडमध्ये आला असता तर निव्वळ अगम्य चिन्हं दिसली असती. युनिकोडमुळे मराठी लेख कुठल्याही रीडरमध्ये मराठीच दिसू लागला. मराठीब्लॉग्स डॉट नेटसारख्या ठिकाणी अनेक ब्लॉगांच्या ताज्या नोंदी एकत्र पाहायला मिळायच्या. मग सगळी मंडळी फेसबुककडे वळली. तिथे दाद लगेच मिळते, मला त्यांचा राग नाही. पण तिथे लिहिलेला उत्तम लेख चार दिवसांनी स्वतः लेखकालाही शोधावा लागतो. ज्यांनी ब्लॉग सोडला नाही ते म्हणजे हीच माझी कधीतरी लिहिणारी माणसं. ती आहेत तिथेच आहेत. वाचक उठून गेला.

आता माझी मांडणी. बहुतेक लोक रीडरमध्ये विषयांनुसार कप्पे करतात: साहित्य, विज्ञान, स्वयंपाक, राजकारण. माझे कप्पे विषयांचे नाहीत, लिहिणाऱ्याच्या गतीचे आहेत. 'कधीतरी', 'महिन्याकाठी' आणि 'आठवड्याला'. चौथा कप्पा नाही. दिवसाला पन्नास नोंदी टाकणारं वर्तमानपत्र मी रीडरमध्ये घेतच नाही. ते वाचायचं असेल तेव्हा त्याच्याकडे जाऊन वाचते. रीडरमध्ये आलेलं एक वर्तमानपत्र इतर साठ ब्लॉगांना गाडून टाकतं. शेकड्यांनी साचलेल्या न वाचलेल्या नोंदींचा आकडा पाहून पहिल्याच महिन्यात रीडर सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी मूळ कारण हेच होतं. रोज आपणहून समोर येणाऱ्यांसाठी रीडर लागत नाही. जो बोलावल्याशिवाय येत नाही त्याच्यासाठी तो असतो.

वाचताना 'कधीतरी' पहिल्यांदा उघडते. बहुतेक दिवशी तो रिकामा असतो. त्यात काही असलं तर त्या दिवशी बाकीचं काही वाचलं नाही तरी चालतं. मग 'महिन्याकाठी'. 'आठवड्याला' या कप्प्यात साचलं तर शीर्षकं चाळते, दोन-तीन लेख वाचते आणि उरलेलं 'सगळं वाचलं' करून टाकते, त्याचं वाईट वाटून घेत नाही. क्रम जुन्याकडून नव्याकडे ठेवला आहे, कारण मालिका लिहिणारे लोक असतात आणि दुसरा भाग आधी वाचण्यात अर्थ नसतो. ॲपच्या चिन्हावरचा लाल आकडा पहिल्याच दिवशी बंद केला होता. आणि यादी संपते. हे मुद्दाम सांगते, कारण बोट सरकवत राहिलं तरी न संपणाऱ्या याद्यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की संपणारी यादी म्हणजे काय हेच आठवत नाही. वाचून झालं की खाली काही नसतं. फोन ठेवता येतो.

नवा ब्लॉग जोडला की मी एक नियम पाळते. फीडच्या फाईलमध्ये सगळा ब्लॉग नसतो. वर्डप्रेस ठरवून न बदलल्यास शेवटच्या दहा नोंदी देतं, ब्लॉगर पंचवीस. त्यामुळे रीडरमध्ये दिसतं तेवढंच त्या माणसाने लिहिलं आहे असं समजायचं नाही. एखादी सुट्टी काढून त्या ब्लॉगवर जाते आणि पहिल्या लेखापासून वाचत येते. मोडीवाल्या गृहस्थांच्या सुरुवातीच्या लेखांत त्यांना स्वतःलाच अक्षरं नीट लागत नव्हती. चार शब्दांपुढे प्रश्नचिन्हं टाकली होती, आणि तीन वर्षांनंतरच्या एका लेखात त्याच कागदाकडे परतून त्यांनी त्यांतली तीन सोडवली. हा प्रवास पुढच्या टोकाकडून वाचला असता तर मला कळलाच नसता.

'कधीतरी' या कप्प्यातले एक गृहस्थ कोकणातल्या देवराईंवर लिहायचे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर त्यांचा ब्लॉग थांबला. त्यात नवल नव्हतं, ते पूर्वीही वर्षभर थांबलेले होते. मग एका सकाळी त्यांच्या नावापुढे नवी नोंद दिसली. मी आनंदाने उघडली. त्यांच्या मुलाने लिहिलं होतं. बाबा गेले, ब्लॉगचा पासवर्ड त्यांच्या वहीत सापडला, वाचकांना कळावं म्हणून लिहितो आहे, आणि अर्धा राहिलेला एक लेख आहे तो तसाच खाली देतो. लेख एका राईतल्या विहिरीबद्दल होता आणि वाक्याच्या मध्येच थांबला होता. त्या मुलाची वाचकांशी ओळख नव्हती, कुणाला कळवायचं हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याने नुसतं 'प्रकाशित करा' दाबलं आणि ज्या ज्या रीडरमध्ये ते फीड होतं तिथे तिथे निरोप पोहोचला. मी त्याला पत्र लिहिलं. ते फीड मी काढलेलं नाही आणि काढणार नाही.

ईमेलने येणाऱ्या न्यूजलेटरबद्दल माझं मत थोडं मिश्र आहे. लेखकांना ते का आवडतं हे मला समजतं. वाचकांच्या पत्त्यांची यादी लेखकाच्या हातात राहते, कुठल्या कंपनीने क्रम बदलला म्हणून ती नाहीशी होत नाही. २०१७ मध्ये सबस्टॅक ही न्यूजलेटर काढायची सेवा सुरू झाल्यावर तर पैसे घेऊन लिहायचीही वाट सोपी झाली. वाचकाच्या बाजूने मला सर्वांत आवडतं ते हे, की आलेल्या पत्राला 'उत्तर द्या' दाबलं की बहुतेकदा ते थेट लिहिणाऱ्याकडे जातं. चारचौघांत काही म्हणायला मी बिचकते, पत्र मात्र लिहिते.

पण ते येऊन पडतं कुठे? वीजबिल, बँकेचे ओटीपी, मुलांच्या शाळेच्या सूचना यांच्या मधोमध. तिथे ओव्यांवरचा लेख वाचायला मन होत नाही. त्यात मराठीसाठी एक खास अडचण आहे, ती न्यूजलेटर काढणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठी मेल मध्येच कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' असा दुवा देतं. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीलासुद्धा, तीन. म्हणजे तेवढ्याच लांबीचा मराठी लेख इंग्रजीपेक्षा कितीतरी आधी कापला जातो, आणि त्यात सजावटीचा कोड जड असला तर आणखी आधी. शेवटचे परिच्छेद, म्हणजे लेखकाने सर्वांत जपून लिहिलेला भाग, वाचकाला दिसतच नाही. मजकूर लांब असेल तर सजावट कमी करा, नाहीतर लेख दोन पत्रांत पाठवा. शिवाय पुष्कळ न्यूजलेटरांत न दिसणारं एक टिंबाएवढं चित्र असतं. मेल उघडली की ते आणलं जातं आणि ती कधी उघडली हे पाठवणाऱ्याला कळतं. मला माझ्या वाचनावर कुणाची अशी नजर नको आहे. मेल ॲपमध्ये बाहेरची चित्रं आपोआप न आणण्याचं सेटिंग असतं, ते मी चालू ठेवलं आहे.

म्हणून जमेल तितकी न्यूजलेटरं मी रीडरमध्येच वळवली. सबस्टॅकच्या पत्त्यालाही शेवटी '/feed' जोडता येतं, आणि मोफत लेख त्यातून पूर्ण येतात. ज्यांचं फीड नाही त्यांच्यासाठी फीडबिन, न्यूजब्लर, इनोरीडर अशा सेवा एक वेगळा ईमेल पत्ता देतात (काही ठिकाणी त्यासाठी पैसे मोजावे लागतात). तो पत्ता देऊन न्यूजलेटर मागवलं की ते थेट रीडरमध्ये येऊन बसतं. 'किल द न्यूजलेटर' नावाची मोफत सेवाही हेच करते. कंटाळा आला की तिथूनच काढून टाकता येतं. मेलमध्ये राहिलेल्यांचंही आता पूर्वीइतकं अवघड नाही. २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये वर्गणी रद्द करायची सोय ठेवणं बंधनकारक केलं आहे.

'नंतर वाचू' म्हणून साठवण्याच्या सेवांवर मात्र भिस्त ठेवू नका असं मी कळकळीने सांगेन. ऑम्निव्होर २०२४ च्या नोव्हेंबरात गेलं, पॉकेट ८ जुलै २०२५ ला. जो लेख जपायचा आहे तो मी वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करते आणि स्वतःकडे पीडीएफ ठेवते. माझ्या फीडची यादीही दर सहामाहीला ओपीएमएल फाईल म्हणून उतरवून घेते. जवळपास प्रत्येक रीडरमध्ये ती सोय आहे, आणि एका रीडरमधून काढलेली यादी दुसऱ्यात दोन मिनिटांत चढते. भाचीने मागितली तेव्हा तीच फाईल तिला पाठवली. आठवड्याभराने तिचा फोन आला, "मावशी, यातले निम्मे मी उडवले हं, पण ते गवतवाले काका ठेवलेत." तिने त्यात बुद्धिबळ आणि जुन्या मराठी नाटकांवरचे तिचे ब्लॉग घालून फाईल मला परत पाठवली. त्यांतले दोन आता माझ्या 'कधीतरी'मध्ये आहेत.

तुम्ही स्वतः लिहीत असाल तर एकच विनंती. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये फीडसाठी 'पूर्ण', 'संक्षिप्त', 'काही नाही' असे पर्याय असतात, वर्डप्रेसमध्ये पूर्ण मजकूर किंवा सारांश. तिथे पूर्ण ठेवा. दोन ओळी दाखवून वाचकाला पानावर ओढून आणल्याने भेटींचा आकडा थोडा वाढत असेल, पण ज्याच्या गावात नेटवर्क येऊन-जाऊन असतं त्याचा लेख तिथेच अडतो. पूर्ण फीड असलं तर लेख आधीच त्याच्या फोनमध्ये उतरलेला असतो आणि एसटीत बसूनही वाचता येतो. आणि वर्षभर काही लिहिलं नाही म्हणून ब्लॉग बंद करू नका. कुणीतरी रोज विचारून जातंय.

तुमच्या माहितीत असा कुणी कधीतरी लिहिणारा असेल, कुठल्याही विषयावर, तर त्याचा पत्ता मला जरूर कळवा. शेतीची जुनी अवजारं, गावोगावच्या जत्रा, रेल्वेची वेळापत्रकं, काहीही चालेल. शेवटचा लेख तीन वर्षांपूर्वीचा असला तरी हरकत नाही.